टाके निघेपर्यंतचा गोडवा

माझा निकाल सांगायला आलेल्या यंत्रासमोर आधी नारळ फुटला. परभणीच्या त्या खासगी दवाखान्यात कंपनीनं ते यंत्र आठवडाभर दाखवायला म्हणून आणलं होतं, आणि आपल्याकडे मोटारसायकल असो की मळणीयंत्र, हळदकुंकू लागल्याशिवाय काही चालू होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. बाजूनं झेंडूची माळ पडली. चार डॉक्टर शाली पांघरून फोटोला उभे राहिले, आणि मधे कंपनीचा माणूस असा हसत होता की जणू यंत्र त्यानंच घरी बसून बनवलं. मला स्ट्रेचरवरून त्यांच्या समोरून नेलं तेव्हा एक डॉक्टर खोबरं चघळत होते. मग यंत्र पुसूनबिसून आत नेलं म्हणे. कुंकू नीट पुसलं का, हे विचारायचं राहून गेलं.

मी पालमच्या शाळेत मराठी शिकवते. त्या वर्षी जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं म्हणून गंगाखेडला सोनोग्राफी केली, तर पित्ताशयाच्या आतल्या भिंतीला एक कोंब निघाला. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. पालममध्ये त्याला खडा म्हणाले, गाठ म्हणाले, फोड म्हणाले. बसस्टँडजवळच्या रसवंतीवाल्यानं तर तो उसाच्या रसानं विरघळतो असंही सांगितलं. लहान कोंब असला तर नुसता नजरेखाली ठेवतात. माझा हरभऱ्याच्या घाट्याएवढा झाला होता. एवढा मोठा कोंब साधाही असू शकतो आणि कर्करोगाचाही, बाहेरून कळत नाही. तेव्हा परभणीच्या डॉक्टरांकडून पित्ताशय काढायचं ठरलं.

मला भीती ऑपरेशनची नव्हती. मला भीती माझ्या माणसांची होती.

त्यासाठी अक्काचं सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पोखर्णीला दिलेली. तिचंही पित्ताशय याच डॉक्टरांनी काढलं होतं, खडे म्हणून. काढलेला तुकडा तपासायला दूर पाठवला, त्याचं उत्तर यायला बरेच दिवस गेले, आणि आलं ते वाईट आलं. तोवर टाके भरून अक्का भाकरी थापायला लागली होती. पोट पुन्हा उघडण्यात अर्थ उरला नव्हता. दाजींनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि सांगितलं, "तिला कळता कामा नये. धसका घेईल." मी म्हटलं, "दाजी, पोट तिचं आहे, तिला सांगा." दाजी म्हणाले, "तू चार बुकं जास्ती शिकलीस म्हणून आमाला शानपन शिकवू नको." झालं, ठराव पास. डॉक्टरांनी अक्काला सांगितलं, आतड्याला सूज आहे. एरवी ज्या पोखर्णीत कोणाच्या घरी काल काय भाजी झाली हे देवळापर्यंत पोहोचतं, ती सगळी पोखर्णी एक झाली. नरसिंहाच्या देवळासमोरची फुलवालीसुद्धा अक्काला म्हणायची, "सूज उतरायली बगा बाई, तोंडावर तेज आलंय." अक्का तेव्हा हळदीसारखी पिवळी झाली होती. तेज कसलं डोंबलाचं!

सगळे अक्काशी गोड वागायचे. तिची सासू, जिनं उभ्या जन्मात तिला कधी नीट हाक मारली नाही, ती तिच्या पायाला तेल चोळायची. अक्का मात्र शेवटच्या महिन्यांत विनाकारण खेकसायची. वरणात मूठभर मीठ टाकायची आणि जेवताना सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. सगळे ते मिटक्या मारत खायचे. एकदा मला म्हणाली, "तू टीचर झाल्यापासून लय माजलीस." मी हसून तिच्या पाठीवरून हात फिरवला. आम्ही म्हणायचो, आजारानं स्वभाव चिडका झाला.

अक्का गेली ती 'सूज' घेऊनच गेली, असं सगळे समाधानानं सांगतात. "शेवटपर्यंत तिला कळू दिलं न्हाई," हे दाजी आजही पाहुण्यांना असं सांगतात की जणू मुलीचं लग्न थाटात लावून दिलं.

म्हणून डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की तुमच्या नशिबानं एक यंत्र येतंय, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुर्बिणीचं ऑपरेशन आता पालमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हे त्याच्या पुढचं. आधी शिरेतून एक पिवळं औषध सोडायचं. मग पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढायचं, तिथंच शेजारच्या टेबलावर उघडायचं आणि पेन्सिलीहून बारीक अशी एक नळी त्या कोंबाला टेकवायची. नळीच्या टोकाला लेझरचा उजेड असतो. पेशी न् पेशी मोठी होऊन त्याच क्षणी पडद्यावर दिसते. मोठ्या शहरातून आलेले पेशीतज्ज्ञ पडद्यासमोर बसून सांगणार, साधं की वाईट. साधं असलं तर टाके घालून मोकळं. वाईट असलं तर त्याच भुलीत पुढचं मोठं ऑपरेशन, यकृताचा तुकडाही काढायचा. तुकडा नंतरही तपासायला जाणारच होता, पण वाट बघत बसायचं नव्हतं. अक्काच्या वेळी सुरी आणि उत्तर यांच्यात जे दिवस गेले, ते या यंत्रानं पुसून टाकले होते. मी त्या माहितीपत्रकातली चित्रं दहादा बघितली असतील. मला ते यंत्र आवडलं होतं, हे कबूल करते.

ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांना स्पष्ट बजावलं. "जे दिसेल ते आधी मला सांगायचं. यांना नाही."

"मॅडम, तुम्ही तर भुलीत असणार," डॉक्टर हसले.

"मग मी शुद्धीवर येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. मोठं ऑपरेशन लागलं तर करून टाका, त्याला माझी सही आजच घ्या. पण सांगायचं मला."

"हो, हो, अगदी," म्हणताना डॉक्टरांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं गेली. पलीकडं आमचे हे उभे होते. ती नजर मी ओळखते. अक्काला सूज सांगताना डॉक्टरांनी दाजींकडं असंच बघितलं होतं.

आता आमच्याकडची माणसं. पेशंट एक आणि जीपभर नातेवाईक, ही आमच्या जिल्ह्याची रीत आहे. माणूस एकटा दवाखान्यात गेला तर त्याला कोणी नाही असा अर्थ होतो. तेव्हा आमचे हे, मोठे भाऊजी, जाऊबाई, दाजी, आणि पालमची अशी चार-सहा माणसं ज्यांची नावं मला आजही धड सांगता येणार नाहीत, सगळी आली होती. भाकरी, ठेचा, पाण्याचा जार, सतरंजी. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी जत्रेसारखा मुक्काम टाकला.

आत काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. नळी टेकवली, पडद्यावर चित्र आलं, आणि डॉक्टरांनी काय करावं? दार उघडून हाक मारली, "पेशंटचे नातेवाईक!" डॉक्टर आमच्या लोकांना ओळखून होते. काढलेला अवयव डोळ्यांनी दाखवला नाही तर आमची माणसं म्हणतात, आत काय केलं देव जाणे, नुसतं चिरून शिवलं असेल. पूर्वी परातीत खडे दाखवायचे. आता पडदा दाराकडं वळवला. मोठे भाऊजी आणि दाजी पुढं, मागं सगळं पालम टाचा उंचावून. पेशीतज्ज्ञांनी बोट लावून काहीतरी समजावलं. मोठ्या भाऊजींनी मोबाइल काढून पडद्याचं शूटिंग घेतलं. माझ्या पोटातली पेशी न् पेशी सगळ्या भावकीनं बघितली आणि मी पलीकडं टेबलावर तोंड उघडं टाकून पडलेली. जिचं पित्ताशय तिचा पत्ता नाही!

मी शुद्धीवर आले तेव्हा समोर एक गोल दिसला, सगळ्यांची तोंडं. आणि सगळी हसत होती.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काई न्हाई. साधं हाय," मोठे भाऊजी म्हणाले.

"लय साधं," दाजी म्हणाले. दाजींनी! त्याच आवाजात, ज्या आवाजात ते अक्काला 'लय बारीक सूज' म्हणायचे.

मग माझी नजर खाली लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडं गेली. गडद पिवळी, हिरवट झाक मारणारी. हात पुढं केला तर हातही पिवळा. अक्काचा रंग. नर्स म्हणाली, "ते औषधाचं आहे ताई, यंत्रासाठी दिलेलं. दिवसभरात जाईल." मी म्हटलं, "मग मला आधी का नाही सांगितलं?" तर म्हणे, "नातेवाइकांना सांगितलं होतं ना." पिवळी मी होणार आणि सांगायचं नातेवाइकांना! आमच्या ह्यांना विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं?" हे छताच्या पंख्याकडं बघत "हां" म्हणाले. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता, कारण हे जेवलात का विचारलं तरी पंख्याकडंच बघतात.

रंग खरोखरच दुसऱ्या दिवशी उतरला. पण रंग उतरला म्हणून माणसं खरी झाली असं थोडंच होतं? डॉक्टर राउंडला आले, म्हणाले, "एकदम साधा निघाला, कोलेस्टेरॉलचा." त्यांनी अक्कालाही असंच खुर्ची ओढून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. मी शूटिंग मागितलं. मोठ्या भाऊजींनी कौतुकानं दाखवलं. करड्या रंगाची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, हलत होती. "बग, तिफणीनं पेरल्यावानी सरळ वळी हायेत. कुठं तण न्हाई," भाऊजी म्हणाले. भाऊजींना शेतीतलं कळतं, पेशीतलं काय कळणार? त्यांना जे सांगितलं ते ते सांगत होते, किंवा जे सांगायचं ठरलं ते सांगत होते. ते शूटिंग भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं, तिथून कुठंकुठं गेलं कोणास ठाऊक. शाळेतला शिपाई भेटायला आला तो म्हणाला, "मॅडम, तुमचं पित्ताशय बगितलं. चांगलं हाय."

चांगलं असतं तर ते बाहेर कशाला काढलं असतं, पण हे त्याला कोण सांगणार.

काय करावं मला सुचेना. हजारपट मोठं करून दाखवणारं यंत्र आलं होतं, ज्याच्यापुढं कोंबाला काही लपवता आलं नव्हतं. पण यंत्राकडून माझ्यापर्यंत उत्तर यायचं ते याच तोंडांमधून. आणि ही तोंडं वाईट असलं तरी 'साधं हाय' म्हणतात, चांगलं असलं तरी 'साधं हाय' म्हणतात. मोठं ऑपरेशन झालं नव्हतं हे टाक्यांवरून दिसत होतं, पण अक्कासारखाच आता अर्थ उरला नाही म्हणूनही ते टाळलं असेल. तपासणीचा कागद यायचा होता. पण अक्काला या लोकांनी दुसऱ्याच बाईचा कागद वाचून दाखवला होता. मला माझं मरण आहे की नाही एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि पालममध्ये ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर तर हद्द झाली. जाऊबाई गोड झाल्या.

आमच्या जाऊबाई राणीसावरगावच्या. घरं शेजारी शेजारी, अंगण एकच, आणि वीस-पंचवीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर शपथ. त्यांची शेळी माझा कढीपत्ता खाते, मी शेळीला दगड मारते, त्या म्हणतात मी शेळीला मारला नाही, त्यांनाच मारला. हे आमचं बाराही महिने चालतं. आणि माहेराबद्दल त्यांच्यासमोर अवाक्षर काढायची सोय नाही. एकदा मी नुसतं म्हटलं होतं की राणीसावरगावची माणसं जरा मोठ्यानं बोलतात, तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत अबोला होता. अशा या जाऊबाई रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन येऊ लागल्या. "घे गं, अंगाला लागंल." माझी उशी नीट करू लागल्या. मला अक्काच्या सासूचं तेल आठवलं.

एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर शेळी कढीपत्त्याचा शेंडा खुडत होती. मी संधी साधली. जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात ओरडले, "तुमच्या शेळीला आवरा, नाहीतर कसायाला देईन!" एरवी एवढ्यावर अंगणात महायुद्ध पेटलं असतं. जाऊबाई आल्या, शेळीला कान धरून ओढली आणि म्हणाल्या, "चुकलंच बग माजं. तुज्या जिवाहून शेळी मोठी हाय का?"

मी अंथरुणावर बसले आणि रडले. आता शंका उरली नव्हती. माझी अक्का झाली होती. मी मनात शाळेचा राजीनामा लिहिला, आमच्या ह्यांना भाकरी कोण देईल त्याचा विचार केला, आणि सगळ्यांचा असा संताप आला की ताट भिंतीवर मारावंसं वाटलं. मरायचं तर निदान मला विचारून मरू द्या ना! पण विचारणार कोणाला, सगळे हसत होते.

मग टाके काढायचा दिवस आला. परभणीहून परत आले, अंगणात खाटेवर बसले. जाऊबाई दूध घेऊन आल्या. मी ठरवलं, आता आर या पार. दुधाचा एक घोट घेतला आणि म्हटलं, "दुधात पाणी किती घातलंय हो? राणीसावरगावला अशीच रीत असेल, पाहुण्याला पाणी पाजायची. भिकारडं गाव."

जाऊबाई थांबल्या. पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आता हसल्या तर मी गेले.

"टाके निघाले?" त्यांनी विचारलं.

"निघाले."

"समदे?"

"सगळे."

"मग आता ऐक," म्हणून त्यांनी पदर खोचला. "डॉक्टर म्हनले, टाके हायेत तवर तिला बोलू नका, म्हून इतके दिस गिळून ऱ्हायले! माज्या शेळीला कसायाला देतीस? माज्या गावाला भिकारडं म्हन्तीस? अगं ये, त्या पडद्यावर या डोळ्यानं बगितलंय मी! पोटात तुज्या काई न्हाई! गाठ हाय ती तुज्या जिभंला हाय, ती काडून घ्यायची होती! काय दात काडायलीस? न्हाई न्हाई, पी ते दूध, पानी न्हाई त्यात एक थेंब, उद्यापासून तुजं तू बग!"

मी हसत होते. पोट दुखत होतं तरी हसत होते. जाऊबाई माझ्या माहेराचा उद्धार करून झाल्यावर सासरकडं वळल्या, जे त्यांचंही आहे, आणि तरी थांबल्या नाहीत. आमचे हे बाहेर आले आणि पंख्याच्या सवयीनं आभाळाकडं बघत उभे राहिले. एवढी खरी शिवी मी आयुष्यात ऐकली नव्हती. यंत्राचा निकाल मला त्या दिवशी मिळाला. पुढं कागदही आला, त्यातही तेच होतं, पण तो मी पुरता वाचलाही नाही.

दुधाचा पेला हातात तसाच होता. जाऊबाईंचा आवाज चढतच होता, आणि मला एकदम अक्काचं वरण आठवलं. मूठभर मीठ टाकलेलं. सगळे मिटक्या मारत खाताहेत आणि अक्का एकेकाच्या तोंडाकडं बघते आहे. मग तिचं ते, "तू टीचर झाल्यापासून लय माजलीस." असं म्हणून ती थांबली होती. माझ्याकडं बघत राहिली होती. आणि मी हसून तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

"आता रडायलीस कशाला?" जाऊबाई ओरडल्या. "मी काय एवडं वाईट बोल्ले?"